एरंडोलची जुळी आणि अक्का

धुळ्याच्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढणाऱ्या अक्कांना चेहरे लक्षात राहत नसत. वर्षाने गेलं की त्या आम्हा भावंडांकडे परक्यासारखं बघायच्या. डोक्याला वायरी चिकटवल्या, पडद्यावर रेषा धावू लागल्या, की म्हणायच्या, "हां, एरंडोलची जुळी!"

नवव्या वर्षी मला झटके सुरू झाले. माझा जुळा भाऊ योगेश ठणठणीत होता, तरी डॉक्टर त्याचाही आलेख काढायला सांगत. पहिल्याच वर्षी अक्कांनी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले; लाटेवर लाट तंतोतंत बसली. "उंची बठ्ठी सारखीच शे, बाई!" आम्हाला नवल वाटलं नाही. आम्हाला स्वप्नंही एकसारखीच पडायची.

कागदावरचं नाव तळहाताने झाकून अक्का नुसत्या रेषांवरून मुलगा की मुलगी ते ओळखायच्या. कधीमधी चुकायच्याही. "झोपेतल्या या मोठ्या लाटा वयात येताना उतरतात," त्या सांगत. "पोरींच्या आधी, पोरांच्या मागून."

तेराव्या वर्षी माझा कागद बघून त्या योगेशला गमतीने म्हणाल्या, "ही पुढे गेली रे!" तो हसला नाही. मला त्याची स्वप्नं पडेनाशी झाली होती. त्याला माझी पडतच होती. सकाळी डोळे उघडले की तो उशाशी बसलेला असे. "तू विहिरीत उतरत होतीस," तो म्हणे. "अकरा पायऱ्या." त्या अकराच असत.

त्याला बाहेर बसवून मी हे अक्कांना सांगितलं. कोमट पाण्याने माझ्या केसांतला चिकट लेप काढताना त्यांचा हात थांबला. "कागदावर स्वप्नं दिसत नाहीत, पोरी. पण त्याला हाकलू नको. तो एकटा पडलाय."

मी हाकललं नाही. पण दाराला आतून कडी लावू लागले. तरीही तो नाश्त्याला बसला की पायऱ्या सांगे.

सतराव्या वर्षी माझा शेवटचा आलेख झाला. झटके कधीच थांबले होते, आणि अक्काही निवृत्त होणार होत्या. योगेशचा कागद बघून त्या म्हणाल्या, "याच्याही लाटा उतरल्या."

"मग आता आम्ही परत सारखे?" त्याने विचारलं.

एरवी सगळ्यांना "डॉक्टरांना विचारा" म्हणणाऱ्या अक्कांनी त्याचा हात हातात घेतला. "नाही, बाबा."

त्यानंतर अक्का भेटल्या नाहीत.

त्या दिवशी परतताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. पारोळा गेल्यावर योगेशने विचारलं, "काय विचार करतेस?" हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"काही नाही," मी खोटंच सांगितलं.

त्याला ते खरं वाटलं.