टोकन दिलं, अग्रीमेंट अविधवा नवमीनंतर

मंडळी, आज दुपारी नालासोपाऱ्यात फ्लॅटचं टोकन दिलं. अभिनंदन करायची घाई नको, आधी वाचा.

फ्लॅट जुना आहे, विकणारे काका एकटेच राहतात. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष बसतोय, म्हणून अग्रीमेंटचं रजिस्ट्रेशनही दोन दिवसांत उरकायचं, असा माझा हट्ट होता. पक्षात नव्या घराचे कागद कोण करतं?

काकांनी चेक घेतला आणि म्हणाले, "अग्रीमेंट पक्ष संपल्यावर करू."

मी भडकले. "टोकन घेतल्यावर सांगताय? भाव वाढवायचाय का, काका?"

"नाही गं," ते गॅलरीकडे बघत म्हणाले. "बायको माझ्याआधी गेली. अविधवा नवमीला तिचं पान या गॅलरीत ठेवतो. सही केली की घर तुझं. मग तिला इथे कुठल्या तोंडाने बोलावू? मुलाकडे पुण्याला ठेवलं असतं, पण तिला तिथला पत्ता कुठे माहितीये?"

एजंट हसला. मी "चालेल" म्हणून निघाले.

रिक्षात बसल्यावर मी आमची घरं मोजली. माझे बाबा विरारच्या भाड्याच्या खोलीत वारले. तेव्हापासून अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर आम्ही पाच घरं बदलली. दरवर्षी पान ठेवतो, दरवर्षी कावळा शिवायला उशीर करतो आणि आई म्हणते, "यांचं काहीतरी राहिलंय."

खरं सांगा, घर बदलताना तुमच्यापैकी कोणी गेलेल्या माणसाला सांगून निघतं का?

आम्ही दर वेळी बँकेला कळवलं, गॅसवाल्याला कळवलं. बाबांना नाही.