उसाच्या कडेला

९ डिसेंबर. सकाळी गच्चीवर सुधाताईंचा तंबू धुतला. खाकी, एका माणसापुरता, कडेला ठिगळं लावलेला. त्यांचे भाऊ बापू काल शिराळ्याहून सांगलीला येऊन तो देऊन गेले. घरात नको वाटतो, म्हणाले. चिखल नुसत्या पाण्यानं काढला. साबणानं कापड गळायला लागतं, हे सुधाताईंच्याच पुस्तकात आहे.

त्या प्राथमिक शाळेत शिकवत आणि मुलांसाठी रानातल्या मुक्कामाची पुस्तकं लिहीत. मी ती छापते. चूल कशी मांडावी, वाऱ्याकडे तंबूची पाठ कशी करावी, डोंगरावर तहान लागण्याआधीच पाणी का प्यावं... त्यांचे नियम पक्के होते. जिथं आपण स्वतः झोपलो नाही, ती जागा पुस्तकात घालायची नाही. आणि 'नका' हा शब्द येऊ द्यायचा नाही. "घरी दिवसभर तेच ऐकतात गं पोरं," म्हणायच्या. म्हणून विंचवांबद्दलसुद्धा 'बूट झटकून घाला' एवढंच लिहिलं. एकदा मी म्हटलं, "वाघ समोर आला तरी तुम्ही 'जरा डावीकडून जा' असं लिहाल." त्या हसल्या. "लिहीन की. डावीकडं वाट असली तर."

पहिल्या पुस्तकात एक वाक्य आहे: 'उसाच्या कडेला तंबू टाका, वारा अडतो.' लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. आता शिराळ्याकडे बिबट्या उसातच राहतो, पिलंही तिथंच होतात, आणि तोडणी सुरू झाली की एका फडातून दुसऱ्यात सरकतो. नवी आवृत्ती छपाईला जायची होती. नाताळच्या सुट्टीत एक शाळा हेच पुस्तक घेऊन मुलांना रानात मुक्कामाला नेणार होती. ते वाक्य काढूया, असं मी सुधाताईंना फोनवर सांगितलं. "झोपून लिहिलंय," त्या म्हणाल्या, "झोपूनच खोडीन." तुमचं वय झालंय, पाय धरतो, सगळं मी बोलून पाहिलं. "सकाळी सांगते तुला," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी फोन आला तो बापूंचा. घरच्याच उसाच्या कडेला, तंबूत, सुधाताई गेल्या होत्या. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. अंगावर ओरखडाही नव्हता. मी पोचले तेव्हा तंबू तसाच उभा होता. आदल्या दिवशी पाणी पाजलेल्या मातीत ठसे होते. उसातून आलेले, तंबूला फेरी घातलेले, दाराशी खोल उमटलेले आणि पुन्हा उसात गेलेले. दाराची चेन वीतभर उघडी होती. "अडकली आसंल," बापू माझ्याकडे न बघता म्हणाले. "जुनी हाय." ऊस वाऱ्यानं वाजत होता. आम्ही दोघं तिथं फार थांबलो नाही.

काल मी त्यांच्याजवळ त्या वाक्याचा विषय काढला. "आक्कानं लिवलंय ते ऱ्हाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "ती गेल्यावर तिच्यामागं खाडाखोड नगं." चहाही न घेता निघाले. त्यांचं मन मला कळतं. पण ते वाक्य वाचून तंबू ठोकणारी मुलं लहान असतात, आणि छापलेलं सगळं खरं मानतात.

तंबू आज रात्रभर गच्चीवरच राहू देते. ओला गुंडाळायचा नसतो.

१० डिसेंबर. सकाळी आधी छापखान्याला फोन केला. ते वाक्य काढून तिथं 'उसाजवळ तंबू टाकू नका' असं घालायला सांगितलं. शाळेच्या मुख्याध्यापकांना नवं वाक्य वाचून दाखवलं. मग बापूंनाही. "बरं," ते म्हणाले.

त्यानंतर गच्चीवर गेले. तंबू कोरडा झाला होता. गुंडाळण्याआधी दाराची चेन खालून वरपर्यंत ओढून बघितली, परत खाली आणली, पुन्हा वर नेली. कुठंच अडकत नव्हती.