वन्संचा टेस्टर आणि लिफ्टशेजारची नोटीस

सोमवारी दूध आणायला खाली उतरले, तर लिफ्टशेजारच्या काचेच्या पेटीत नवी नोटीस. "इमारतीतील एका महिलेने खेळण्यातल्या उपकरणाने लिफ्टच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात छेडछाड केल्यामुळे लिफ्ट बिघडली आहे. रहिवाशांनी अशा व्यक्तीकडून कोणतीही दुरुस्ती करून घेऊ नये." खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का.

एका महिलेने! वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत असलं कार्ड, म्हणजे यंत्राच्या पोटातली सर्किटची पट्टी, हातात धरणारी बाई एकच, आणि ती माझ्या घरात राहते. नाव घालायची छाती झाली नाही, पण बोट बरोबर दाखवलं. दुधाची पिशवी घेऊन मी तीन मजले जिने चढून आले ते रागाने की दमाने फुललेली, माझं मलाच कळलं नाही. देवापुढे बसले तर ओठ हलत होते, पण तोंडात सेक्रेटरींचं नाव.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय एकसष्ट. रेडिओच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पास होईल असा एकही नग आला नाही बाई." कारखाना बंद पडला तेव्हा एक ट्रंक, एक टेबल आणि एक वाकलेला दिवा घेऊन आमच्याकडे आल्या. मागच्या गॅलरीत टेबल मांडलं. सांधे जोडायच्या सोल्डरिंगचा धूर देवघरात यायचा म्हणून सुरुवातीला मी नाक मुरडलं, हे कबूल करते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्या कॉम्प्युटरचा पंखा खिडकीत बसवला आणि धूर बाहेर काढला. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हापासून इमारतीतले मिक्सर, रेडिओ, चार्जर, दारावरच्या बेल असं सगळं आमच्याकडे. लोक त्यांना टेस्टरवाल्या ताई म्हणतात, कारण टेबलावर मधोमध तो टेस्टर. तळहाताएवढी उघडी हिरवी पट्टी, वर इवलासा पडदा, तीन रंगांच्या तीन वायरी. कुठलाही सुटा भाग त्या वायरींना लावून बटण दाबायचं. मग पडद्यावर त्या भागाचं चित्र उमटतं, हा कोण, याचा कुठला पाय कुठला आणि हा कामाचा आहे की संपलाय, सगळं.

असले स्वस्त टेस्टर शंभर तऱ्हेचे मिळतात. वन्संनी आठवडाभर फोनवर फोटो मोठे करकरून पाहिले होते. मी एक छान निळ्या डबीतला, रंगीत पडद्याचा दाखवला, तर म्हणाल्या, "अगं, वांगं घेताना तू देठ बघतेस ना? मग इथेही देठ बघ. या डबीतल्याची चिप पक्की चिकटवलेली आहे. आतला प्रोग्राम बदलता येणार नाही, आणि चिप जळली की अख्खा टेस्टर कचऱ्यात. हा उघडा बघ. दिसायला भिकार, पण चिप खाचेत बसवलेली आहे. चिमट्याने काढा, दुसरी बसवा."

भिकार दिसणारा घेतला. त्यातला मूळ प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो त्यांनी पुसूनच टाकला. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून त्याहून चांगला तयार करून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, तो घातला. वर आपल्या भाषेतली अक्षरं हवीत हा हट्ट. ती अक्षरं कोणी काढली? मी. गणिताच्या चौकटीच्या वहीत एकेक चौकोन काळा करून, जाळीवरच्या भरतकामासारखी. महिना लागला. चालू केला की पडद्यावर पहिली ओळ येते, "आधी कपॅसिटर रिकामा करा." कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. भरलेला तसाच लावला तर ती सगळी वीज टेस्टरच्या चिपमध्ये घुसते आणि चिप जळते. वन्सं प्रत्येक कपॅसिटरचे पाय आधी एका रेझिस्टरला टेकवून ती वीज जिरवतात, मी बाहेरून आल्यावर पाय धुते तितक्या नेमाने.

आता त्या छेडछाडीची गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी लिफ्ट बंद पडली आणि लिफ्ट कंपनीचा माणूस चार दिवस फिरकला नाही. तेव्हा हेच सेक्रेटरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड घेऊन आमच्या दारात उभे होते. माझ्या हातचा चहा प्याले. "ताई, तुमच्याशिवाय कोण आहे हो आम्हाला?" हे त्यांचे शब्द, डायरीत त्या दिवशीच्या पानावर मी लिहून ठेवलेत. वन्संनी कार्ड तपासलं, एक सुटलेला सांधा जोडला आणि चिठ्ठी लिहून दिली, "चारशे सत्तरचा हा कपॅसिटर थकत चाललाय. कंपनीकडून लगेच बदलून घ्या." लिफ्ट सुरू झाली. चिठ्ठीचं सेक्रेटरींनी काय केलं ते देव जाणे. कपॅसिटर कोणी बदलला नाही एवढं खरं.

गेल्या शनिवारी सकाळी सेक्रेटरींच्या सासूबाई दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पाऊण तास अडकल्या. बिचाऱ्या घामाघूम झाल्या होत्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण घरी सासूबाईंना तोंड द्यायची वेळ आली तेव्हा जावयांना खापर फोडायला डोकं हवं होतं, आणि आमच्या वन्संचं सापडलं.

नोटीस लागल्यापासून तीन दिवसांत सात जण आपापल्या वस्तू न दुरुस्त करताच घेऊन गेले. पाचव्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "तसं काही नाही हो, मिक्सर लागतोय म्हणून." उघडलेला मिक्सर कशाला लागतो? वन्संनी स्क्रू मोजून कागदाच्या पुडीत बांधून दिले. टेबल रिकामं झालं. त्या रिकाम्या टेबलाशी दिवा लावून बसून राहायच्या. सव्वीस वर्षं ज्यांच्या सहीवर कारखान्याचा माल बाहेर पडायचा, त्यांच्या हातात कोणी बेलचं बटण द्यायला तयार नाही.

हे म्हणाले, "जाऊ दे गं. एका जिन्यात राहायचंय."

"तुमची बहीण आहे ना?" मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतोय. अक्काला भांडण आवडत नाही."

"भांडण नकोच," वन्सं गॅलरीतून म्हणाल्या. "मोजमाप हवं. चारचौघांत."

गुरुवारी दुपारी कंपनीचा इंजिनियर आला. खालच्या टेबलावर त्याने कार्ड आणून ठेवलं. सेक्रेटरी हजर, मास्तरीणबाई हजर, आणखी पाच-सहा जण. मी आणि वन्सं टेस्टर घेऊन उतरलो.

"या, या," सेक्रेटरी म्हणाले. "खेळणं आणलंत वाटतं."

"तुम्हीच आला होतात ना याच्याकडे मागच्या वेळी?" वन्संनी विचारलं. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि छताकडे पाहिलं.

इंजिनियरने आपला मीटर लावला. "चारशे सत्तरचा चारशे बावन्न दाखवतोय. फर्स्ट क्लास. कपॅसिटरला काही झालेलं नाही, ताई."

"तो किती साठवतो हे तुमचा मीटर सांगतो," वन्सं म्हणाल्या. "साठवलेलं बाहेर सोडताना आतून किती अडवतो, ते सांगत नाही. याचा आतला अडथळा मोजा. गार असताना तो वाढतो, मग कार्डाला वीज पुरत नाही. लिफ्ट अडकते ती सकाळीच ना? दुपारी तुम्ही येता तेव्हा चालते ना?"

इंजिनियर हसून म्हणाला, "बघू तुमचं यंत्र." त्याने टेस्टर उचलला. मधल्या वेळात त्याने कार्ड पुन्हा चालू करून बघितलं होतं आणि नुकतंच बंद केलं होतं, म्हणजे कपॅसिटर भरलेलाच होता. पडद्यावर माझ्या अक्षरांतली ओळ आली. त्याने वाचली नाही. वन्सं ओरडल्या, "अहो थांबा, आधी रिकामा..." तोवर वायरी टेकल्या. बारीक चट् असा आवाज झाला आणि पडदा काळा.

"संपलं!" सेक्रेटरी टाळी वाजवायचेच बाकी राहिले. "बघितलंत ना सगळ्यांनी? एका चिमट्यात मेलं. आणि यावर आमची लिफ्ट!"

माझा हात चपलेकडे गेला नाही ही देवाचीच कृपा. स्वतः भरलेला कपॅसिटर लावायचा, पडद्यावर ठसठशीत लिहिलेलं वाचायचं नाही, कोणी ओरडतंय ते ऐकायचं नाही, आणि मेलं म्हणून हसायचं! हे म्हणजे दुसऱ्याची बशी आपल्या हाताने फोडून वर बशीच कच्ची म्हणायची.

"वाचता येतं का तुम्हाला?" मी इंजिनियरला म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "महिनाभर डोळे फोडून ती अक्षरं काढलीत मी."

वन्संनी माझ्या दंडावर हात ठेवला. पर्समधून काडेपेटीएवढी डबी काढली. त्यात स्पंजावर टोचलेली, तोच प्रोग्राम घातलेली दुसरी चिप. मेलेली चिप चिमट्याने उचलली, नवी खाचेत दाबली. पडदा उजळला, तीच ओळ आली. लगेच मोजलं नाही. आधी तिन्ही वायरी एकमेकींना जोडून टेस्टरला त्याची स्वतःची चूक मोजायला लावली, कारण नवी चिप आली की तिचं शून्य नव्याने ठरवावं लागतं. एक मिनिट गेलं.

"दुसऱ्याला नापास करायच्या आधी हे करायचं असतं," त्या म्हणाल्या, टेस्टरकडेच बघत. मास्तरीणबाई खोकल्या.

मग कार्डावरून कपॅसिटर सुटा केला, पाय रेझिस्टरला टेकवले, वायरी लावल्या. साठवण चारशे अठ्ठेचाळीस. खाली आतला अडथळा, अकरा ओहम. इंजिनियरच्या पेटीतला तसाच कोरा कपॅसिटर लावला. साठवण जवळपास तेवढीच, अडथळा एक पंचमांश ओहम.

इंजिनियरने दोन्ही पुन्हा लावून पाहिले. या वेळी पाय स्वतः रेझिस्टरला टेकवले. त्याचे कान लाल झाले. "बदलतो," म्हणाला.

कोरा कपॅसिटर बसवला. त्यानंतर पाच दिवस सकाळी लिफ्ट एकदाही अडकली नाही. आणि इंजिनियरने कंपनीच्या कागदावर लिहिलं काय? "नेहमीची देखभाल." जिन्यात मला गाठून मात्र हळूच म्हणाला, "तुमच्या ताई तो प्रोग्राम मला देतील का?" मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देईन ना. तो काय माझ्या एकटीचा आहे? पण जे जिन्यात बोलला, ते नोटिशीपाशी उभं राहून बोलायला सांग."

बुधवारी तो आला आणि बोलला. त्याचं तेवढं श्रेय त्याला. चारपाच जणांसमोर सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, दोष ताईंनीच शोधला. दोन महिन्यांपूर्वीच सांगितला होता त्यांनी. आणि टेस्टर माझ्या हातून जळला."

सेक्रेटरींनी किल्ली काढून काचेची पेटी उघडली. "ठीक आहे, ठीक आहे. झालं गेलं विसरा. काढून टाकतो."

"काढू नका," वन्सं म्हणाल्या. "काढलीत तर लोक म्हणतील, मिटवून घेतलं. याच कागदावर खाली लिहा."

माफीचा शब्द नाही. सेक्रेटरींनी लिहिलं, "तांत्रिक दोष आढळून आला व दूर करण्यात आला." म्हणजे दोष आपोआप आढळला, बहुधा पंख लावून! आळ घ्यायला एक महिला होती, शोधायला कोणी नाही. मी तोंड उघडणार तोच वन्संनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि खाली आपल्या तपासणीच्या टेबलावरच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं, "कपॅसिटर ४७० चा. आतला अडथळा ११ ओहम. नापास. तपासणारी, तिसरा मजला." आणि सही केली, नाव वाचता येईल अशी. पेटीला कुलूप लावायचंही सेक्रेटरींना वन्संनीच सांगितलं.

संध्याकाळी मास्तरीणबाई मिक्सर घेऊन आल्या, स्क्रूंची पुडी तशीच बांधलेली. वन्संनी "या" म्हटलं. मी म्हटलं नाही. देवाला सांगितलंय, क्षमा करायला शिकव, पण घाई नको.

मग चौकटीची वही काढून ती पहिली ओळ पुन्हा काढायला बसले. मोठी, जाड, अख्खा पडदा भरणारी, आंधळ्यालाही टोचेल अशी. "आधी" एवढ्यातच निम्मी जागा गेली. वन्सं मिक्सरमधून मान वर करून बघत होत्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "पडद्याला चौसष्ट ठिपक्यांची उंची आहे. एवढा राग त्यात मावायचा नाही."

"मग दोन पानांत येऊ दे," मी म्हटलं, आणि पुढचा चौकोन काळा केला.