मेंढरांच्या फोटोंत सापडलेला पुरावा

ती घटना आजही आठवली की माझं डोकं सणकतं. निवृत्त झालो, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी तो राग काही उतरत नाही.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, तेवढ्यात एक गृहस्थ आपल्या मुलीला दंडाला धरून घेऊन आला. मुलगी सांगलीत नर्सिंग शिकत होती. पाठीवर नागीण उठली, तेव्हा डॉक्टरीणबाईंना मोबाईलवरच दाखवायला तिनं उघड्या पाठीचे फोटो काढले होते. तेच फोटो तिला अनोळखी नंबरवरून आले होते. सोबत धमकी: सांगेन तिथं एकटी ये, नाहीतर गावाच्या ग्रुपवर टाकतो.

"हिनंच कुणाला तरी धाडलं असणार!" बाप भर ठाण्यात ओरडला. "कालेज बंद! असली अवदसा कशाला पोटाला आली!"

"साहेब, मी कुणालाच न्हाई पाठवलं," मुलगी पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होती.

मी बापाला बाहेर बसवलं आणि महिला हवालदारांना मुलीची फिर्याद घ्यायला सांगितली. धमकीचा नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघाला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा मेंढपाळ आला. त्यानं आपला मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"आवं साहेब, नवा मोबाईल घेतला. जुन्यातलं मेंढरांचं फोटू दुकानदारानं ह्यात घालून दिलं. त्यात कुणाच्या तरी लेकीचं फोटू आल्यात. मलाबी नात हाय. म्या परत उघडलं न्हाई, तुमीच बघा."

हवालदारबाईंनी पाहिलं. पाठ तीच, नागीण तीच. चौकशी केली तर दुकानही एकच. मुलीचा मोबाईल बापानंच तिथून घेऊन, सगळं चालू करून आणला होता.

दुकानदाराला बोलावलं. चेहरा साळसूद; उलट मलाच चहा मागवू का, म्हणाला. मुलीचे फोटो दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये कसे गेले, ते विचारलं.

"बॅकअप ज्याचा त्याच्या खात्यात जातो, साहेब. माझा काय संबंध?"

मी लगेच भिडलो नाही. संशयिताला आधी स्वतःची फुशारकी मारू द्यावी. "दुकानाच्या ईमेलचा पासवर्ड कुणाकुणाकडं असतो?"

"फक्त माझ्याकडं. बायकोलाबी सांगत न्हाई. गिऱ्हाईकांचा लय विश्वास हाय, साहेब."

मग मी दोन्ही मोबाईलची सेटिंग त्याच्यापुढं उघडून धरली. दोन्हीकडे एकच ईमेल, त्याच्या दुकानाचा. लोकांकडे ईमेल नसतो. "थांबा, माझाच टाकतो," असं हा म्हणायचा आणि कुणाला कळू नये म्हणून फोटोंचं ॲप लपवून द्यायचा. लोक उलट त्याचे आभार मानायचे. गावभराच्या लेकीबाळींचे फोटो आपोआप याच्या खात्यात जमा होत होते. त्याच खात्यातून म्हाताऱ्याच्या मेंढरांचे फोटो निवडून देताना घाईत मुलीचेही फोटो सोबत गेले. पंचनाम्यात धमकीचं सिमकार्ड दुकानाच्या गल्ल्यातच सापडलं.

"गंमत केली, साहेब," तो म्हणाला.

गंमत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका मुलीचं शिक्षण बुडायला आलं आणि या नालायकाला गंमत वाटत होती. हात शिवशिवला, पण हात उचलला असता तर वकिलानं त्याचाच फायदा घेतला असता. मी अटकेचे कागद करायला घेतले.

बापाला बोलावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, फोटू पुसलं की मिटलं न्हवं?"

"फोटोंचं आम्ही बघतो. तुम्ही इथं सगळ्यांसमोर जे बोललात, ते कोण पुसणार?"

तो खाली बघून पुटपुटला, "चुकलं माझं. जा कालेजला."

मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

"मोठ्यानं बोला, आबा. त्या दिवशी बोलला हुता तसं."

ठाण्यातलं टंकलेखन थांबलं. तो बोलला, मोठ्यानं बोलला. त्यानंतर माझ्या ठाण्यात अशी कुठलीही मुलगी आली, की तिच्या घरच्यांना मी आधी बाहेर बसवायचो आणि पहिला प्रश्न तिलाच विचारायचो.