न्या एदुविहिसचं पीठ

तीस वर्षं मी न्या एदुविहिसकडे (न्या म्हणजे आमच्याकडे बाई) तिकीट मागितलं आणि तीस वर्षं तिनं माझ्या हातावर गरम चिपा ठेवली. छोट्या पावासारखी, वरून खरपूस, आत चीज. मी टीसी खरा, पण ती चिपा तोंडात गेली की माझं तोंड बंद! डोक्यावर चिपांची टोपली घेऊन ती विकायला चालत्या गाडीत चढायची आणि दोन्ही हात मोकळे ठेवून भांडायची. नवरा गेल्यावर चार मुली तिनं याच गाडीच्या जोरावर वाढवल्या.

म्हणून त्या बुधवारी सगळ्यांत जास्त तिचाच जीव टांगणीला लागला होता. राजधानीतून रेल्वेचे साहेब आले होते. ग्लासगोत बनलेलं, लाकडावर चालणारं आमचं म्हातारं इंजिन बाराच्या आत चढ चढून सापुकायला पोचलं, तर गाडी राहणार. नाहीतर इंजिन भंगारात आणि गाडी कायमची बंद.

अर्ध्या चढावर फुस्स! बॉयलरची नळी गळायला लागली, पाणी आगीवर, वाफेचा काटा खाली. ड्रायव्हर प्लासिदोनं टोपी जमिनीवर आपटली.

"कोंडा असता तर पाण्यात सोडला असता. माझा बाप तेच करायचा. भेगेत जाऊन बसतो."

"कोंडाच कशाला?" न्या एदुविहिस पुढे आली. "चिकट पीठ चालेल का?"

बाजारातून आणलेलं, चिपासाठीचं मांडिओकाचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, अख्खं पोतं! गुड फ्रायडेआधीच्या त्या बुधवारी आमच्याकडे घरोघरी चिपा लागतात आणि निम्मं गाव तिच्याच भट्टीवर येतं.

"अगं, सणाची सगळी कमाई आहे ती," मी म्हणालो.

"आणि गाडीच गेली तर हे पीठ काय तोंडाला फासू? बघतोस काय, धर पोतं! आयुष्यात एकदा तरी कामाला ये!"

आम्ही बादल्यांत पीठ कालवलं आणि बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या, इंजिनामागच्या टाकीत ओतलं. सगळ्यांचे डोळे काट्यावर. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. काटा थांबला. थरथरला. चढायला लागला!

"चाललं रे, चाललं!" प्लासिदो ओरडला. चाकं घसरायची, की आम्ही पळत पुढे जाऊन रुळांवर वाळू टाकायचो. पन्नाशीचा मी, पोरासारखा किंचाळत होतो. साहेबांनीही कोट काढून वाळू उचलली, विश्वास ठेवा!

बाराला चार मिनिटं असताना सापुकायचं स्टेशन दिसलं. प्लासिदोनं शिट्टीची दोरी न्या एदुविहिसच्या हातात दिली. तीस वर्षं ती या शिट्टीमागे धावली होती. आज तिनं दोरी अशी ओढली, की सोडेचना. माझे डोळे भरून आले आणि मी धुराला शिव्या घातल्या.

शिट्टी ऐकून गाव फलाटावर धावलं.

"न्या, भट्टी कधी लावतेस? मला दोन डझन!"

"आधी मला!"

पिठानं आणि काजळीनं माखलेली न्या एदुविहिस खाली उतरली, रिकामं पोतं झटकलं आणि इंजिनाच्या गरम पत्र्यावर थाप मारली.

"यानं खाल्लं सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागितलं त्यानं. नाही कशी म्हणू?"