नणंदेचा झोपाळा
लाकडाच्या ताज्या पॉलिशचा वास आला की सदाशिव पेठेतली ती दुपार आठवते. आमचं थकलेलं कर्ज बँकेनं लहान हप्त्यांत बांधून दिलं होतं. आम्ही दोघं ते काटकसरीनं फेडत होतो. एका हप्त्यासाठी मी गाणं शिकवायची माझी पेटीही विकली होती. त्या दुपारी नणंदेकडे गेलो, तर हॉलमध्ये नवाकोरा सागवानी झोपाळा. "दादानं दिला! वहिनी, तुम्हाला माहीत नाही?" नणंदेनं विचारलं. "माहीत आहे की," म्हणत मी त्यावर बसले. नवरा फरशीकडे बघत राहिला. जिना उतरताना तो पुटपुटला, "घरी सांगणारच होतो." मी म्हटलं, "कोणाच्या घरी?" पुढे कर्ज फिटलं, त्यानं पेढे आणले, मीही एक खाल्ला. पण आजही तो "तुझ्यापासून काय लपवायचंय" म्हणाला, की मी उठून चहा ठेवते.