पोचवाली मावशी

साहेब हसला की आमची मंडळी सावध व्हायची. चिडका साहेब तिला चालायचा. चिडका माणूस खेकसतो, पण सही करून मोकळा होतो. गोड बोलणारा बसवून ठेवतो, असं तिचं मत. "हसला बगा," ती माझ्या कानाशी लागून म्हणायची, "म्हंजी आपला कागद हरावला." आणि बऱ्याचदा तो खरंच हरवलेला असायचा.

इंदापूर आणि बारामतीच्या कचेऱ्यांत तिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. पोचवाली मावशी म्हणायचे. कुठलाही अर्ज दिला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय ती खिडकी सोडायची नाही. पूर्वी एकदा सुनेचं नाव रेशनकार्डात घालायचा अर्ज दिला होता. तो कुठं गेला, पत्ता नाही. विचारायला गेलो तर कारकून म्हणाला, "दिला होता याला पुरावा काय?" त्या दिवशी तिच्या डोक्यात जे बसलं ते शेवटपर्यंत निघालं नाही.

तिला अक्षर येत नव्हतं. मी सातवीपर्यंत गेलो आणि तिथंच बसलो. पण शिक्का ती माझ्यापेक्षा चांगला वाचायची. जिभेला बोट लावून ते शिक्क्याच्या कडेला टेकवायची. बोट निळं झालं तरच शिक्का आजचा. एक कारकून चेष्टेनं म्हणाला, "मावशी, चव कशी हाय?" ही म्हणाली, "तुमच्या बोलन्यापरास बरी हाय." अख्खी रांग हसली. ती हसली नाही. ती त्याची सही बघत होती.

हे सगळं चाललं होतं आमच्या नातीसाठी. तनू. मुलगा एमआयडीसीत पाळीनं कामाला, सून डेअरीत पाकिटं भरायला. त्यांचा एक खाडा पडला की बोलणी खायची वेळ. म्हणून पोर आम्हा दोघांच्या अंगावर. चार वर्षांची झाली तरी हाक मारली की बघायची नाही. पंख्याकडं बघत बसायची. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून भिंतीला चिकटायची. गावातल्या कुणी "पोर मुकी हाय का गं?" विचारलं की आमची मंडळी अशी काही तोंड सोडायची, की त्या बाईनं पुन्हा आमची गल्ली धरली नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोर स्वमग्न आहे. मला तो शब्द चांगला वाटला. एखादा साधू ध्यानात बसावा तसं काहीतरी. मी तसं म्हणालोसुद्धा. ही म्हणाली, "येवढा चांगला शब्द सरकार फुकाट देत न्हाय. ह्यात कायतरी हाय."

डॉक्टरांनीच एका थेरपीवाल्या ताईंचा पत्ता दिला. ताई लहान वयाच्या, बोलायला मऊ. म्हणजे हिच्या दृष्टीनं दोन गुन्हे. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही लासुर्ण्याहून एसटीनं जायचो. ताई तनूला घेऊन आत बसायच्या आणि ही दाराच्या फटीला डोळा लावून उभी. पहिल्या दिवशी ताईंनी एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकायला लावले. ही बाहेर येऊन म्हणाली, "वाटानं निवडाया येवढं लांब आलो व्हय?" दोन महिने ती हेच म्हणत होती. मग एका शुक्रवारी तनूनं ताईंच्या हातातल्या डब्याकडं बघितलं, नंतर ताईंच्या तोंडाकडं बघितलं, आणि हात पुढं केला. मागितलं. पोरीनं जन्मात पहिल्यांदा कुणाकडं काही मागितलं. ही फटीपासून बाजूला झाली आणि पदरानं नाक पुसत मला म्हणाली, "बाई खरी हाय. पर येवढ्यातच."

दर आठवड्याला पदरचं घालून हे आम्हाला झेपणारं नव्हतं. ताईंनीच सांगितलं, सरकारची विम्याची योजना आहे, थेरपीची बिलं लावली की पैसे परत मिळतात. पण त्याला अपंगाचा दाखला पाहिजे. दाखला नाही तर योजना नाही, आणि योजना नाही तर थेरपी बंद. ही लगेच म्हणाली, "ह्या बाईचं ह्यात काय जातंय?" मी म्हणालो, अगं, चांगलं सांगतेय. "तुमास्नी कुनीबी तात्या म्हनलं की तुमी पाघळता," ती म्हणाली. "तुमच्याव बी माझी नजर हाय."

नजर होती तरी त्या दिवशी चुकली. दाखल्याच्या तपासणीला आत एकानंच यायचं, असं शिपाई म्हणाला. ही अर्जाच्या रांगेत उभी होती, म्हणून पोरीला घेऊन मी आत गेलो. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर नेमके लोणी भापकरचे आमचे सोयरे बसलेले, कुणाच्या तरी पायाच्या दाखल्याला आलेले. साहेब विचारू लागले. बोलते का? मुलांत खेळते का? आगीला हात लावू नये हे कळतं का? मी काय सांगणार? उद्या पोरीचं लग्न करायचं आहे. मी म्हणालो, "सगळं कळतं साहेब. लय हुशार हाय. मोटारीच्या आवाजावरनं कुनाची गाडी ते वळखती." साहेब हसले. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

दाखला आला. त्यावर लिहिलं होतं, पस्तीस टक्के. मला आयुष्यात कधी पस्तीस मिळाले नाहीत. मी तिथंच ओरडलो, "पास झाली! काठावर, पर पास झाली!" एसटी स्टँडवरून पाव किलो पेढे घेतले आणि तडक ताईंकडं गेलो. रस्त्यात ही एकदाच म्हणाली, "पास झाली तर त्या शिपायानं पानी का न्हाय मागितलं?" म्हणजे चहापाणी.

ताईंनी पेढा हातात घेतला, दाखला वाचला आणि पेढा परत डब्यात ठेवला. "आजोबा," त्या म्हणाल्या, "ही शाळेची परीक्षा नाही. इथं आकडा जितका मोठा, तितकी पोरीची अडचण मोठी. योजनेला चाळीस तरी लागतात."

मी पेढा चावत होतो. तो गिळावा की थुंकावा कळेना. हिनं माझ्याकडं बघितलं. "आत काय काय सांगितलं?" मी सगळं सांगितलं. "आन् बाकाव कोन हुतं?" तेही सांगितलं. मला वाटलं, आता ही मला सोडत नाही. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मी असती तरी त्येच सांगितलं असतं." एवढंच. पुढं कधी तिनं तो विषय काढून मला टोचलं नाही. बाकी सगळ्या विषयांवरून टोचलं.

फेरतपासणीचा अर्ज दिला. पोच घेतली. तारीख मिळेना. तेवढ्यात कचेरीच्या बाहेर एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस आमच्या मागं लागला. "आजी, कशाला हेलपाटे? पस्तीसचे साठ करून देतो. दोन दिवसांत." मी तर खिशाकडं हात नेला होता. ही म्हणाली, "पस्तीसाचं साठ करतोस, तर कुनी पैसं दिल्यावर साठाचं पस्तीस बी करशील की."

"आजी, सगळेच करतात."

"मग तसं लिहून दे. तुजं नाव, गाव, आन् काय करून देनार त्ये. खाली सही कर."

तो म्हणाला, "कामाला लिहून देतात व्हय?"

"मग पैसं तरी कोन तसंच देतं?" ही म्हणाली. तो माणूस आम्हाला पुन्हा दिसला की रस्ता ओलांडून पलीकडं जायचा.

शेवटी तारीख आली. या वेळी ही आत गेली आणि शिपायाला न जुमानता मलाही ओढून नेलं. आधी तिनं दार लावलं. मग साहेबांना म्हणाली, "पोरीला भायेर ठिवू का? तिच्या म्होरं न्हाय सांगनार." साहेब म्हणाले, पोरीला बघायचंच तर आहे, ती इथं पाहिजे. त्या अनोळखी खोलीत तनूनं नेहमीसारखे कान दाबून धरले होते. हिनं तिच्या मागं उभं राहून त्या छोट्या हातांवर आपले हात ठेवले, घट्ट, आणि बोलायला लागली.

"सात वरसाची हाय. आई म्हनत न्हाय. बा म्हनत न्हाय. भूक लागली तर सांगत न्हाय, रडती. हाक मारली तर बगत न्हाय. रस्त्याव सोडली तर ट्रॅक्टरम्होरं जाईल. चुलीत हात घातला हुता, ही खूण. कुनाच्या लग्नाला नेत न्हाय. नेली तर लोक बगत्यात. आमी मेल्याव हिला कोन बगंल ठावं न्हाय."

ज्या बाईनं गावात कुणाला एक शब्द काढू दिला नाही, ती हे सगळं एका दमात बोलली. आवाज एकदाही हलला नाही. साहेब लिहीत होते. ते हसले नाहीत. बाहेर आल्यावर ती सरळ स्टँडच्या नळावर गेली आणि खळखळून चूळ भरली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मी विचारलं, तहान लागली का? "तोंड इटाळलं," ती म्हणाली.

दाखला मिळाला. योजनेत नाव लागलं. थेरपी थांबली नाही. हे तिनं केलं. आता कुणी काहीही म्हणो.

ती गेली तो मंगळवार होता. पहाटे छातीत दुखलं म्हणाली. गाडी येईपर्यंत संपलं. दुपारी अंगणात तिला ठेवली होती. माणसं जमली. कचेरीतलेही दोघं आले आणि "मावशी देवमाणूस होती" म्हणाले. यातला एकजण ती दिसली की खिडकी लावून घ्यायचा. मी बघितलेलं आहे. मी मान डोलवली नाही.

तेवढ्यात तनू माणसांतून वाट काढत आली. मंगळवारी थेरपीला आम्ही याच वेळेला घरातून निघायचो. ती वेळ झाली होती. तिनं आजीचा हात धरला, अंगठ्याला ओढलं आणि म्हणाली, "चल."

आठ वर्षांत पहिला शब्द. स्पष्ट. तिथं असलेल्या सगळ्यांनी ऐकला. जिच्यासाठी होता ती सोडून.

दाखला कायमचा नसतो, लहान पोरांचा मुदतीचा असतो. मागच्या महिन्यात मुदत संपली म्हणून मी तनूला घेऊन पुन्हा गेलो. आधी लोकांना विचारलं. सगळे म्हणाले, "तात्या, काही येत न्हाय म्हणून सांगा. पोर सुधारली म्हनला की आकडा उतरतो, मग योजना बंद." मला ते पटलं. मी सगळं पाठ करून गेलो होतो.

साहेब नवे होते. त्यांनी विचारलं, "बोलते का?"

मी तोंड उघडलं. तनू माझ्याकडं बघत होती. आता बघते ती. हाक मारली की वळते. कान मोकळे असतात. मी जे म्हणणार ते तिला ऐकू जाणार होतं. कळणार किती, देव जाणे, पण ऐकू जाणार होतं.

"बोलती साहेब," मी म्हणालो. "तीन शब्द. पानी, न्हाय, आन् चल."

"चल कधीपासून?"

मी सांगितलं. साहेबांनी खाली बघून लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. दाखला अजून आलेला नाही. आकडा उतरला असेल, माझी खात्री आहे. खरं बोलून मी पोरीचा घात केला की काय, हा विचार जेवायला बसलो तरी पाठ सोडत नाही.

तोवर मंगळवार-शुक्रवार चालू आहेत. एसटीत मी तिला खिडकीशी बसवतो. रस्ता ओलांडताना हात पुढं करतो. ती माझ्या हाताकडं बघते, मग तोंडाकडं बघते, आणि बराच वेळ धरत नाही. मी घाई करत नाही. मागून गाड्या हॉर्न देतात, देऊ दे. तिची खात्री पटेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला हात पुढं धरून उभा राहतो.